दुसऱ्यांच्या धुराचा वास

धुरानं खराब झालेल्या भिंती पांढऱ्या करून देणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं, आणि त्या नावापायी खरं नाव गेलं. सगळे त्याला धूरपुसे म्हणायचे. सुरुवात बहुतेक रंगाच्या दुकानदारानं केली असावी, कारण गिऱ्हाइकांना नावं ठेवण्यापलीकडे त्याला फारसा उद्योग नव्हता. पण ते आडनाव इतकं खानदानी वाटायचं की पोस्टमनही त्याच नावानं हाक मारू लागला, आणि धूरपुसेनं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. उलट फोन उचलला की तोच घसा साफ करून म्हणायचा, “धूरपुसे बोलतोय.”

कामात मात्र तो पटाईत होता, हे त्याचे शत्रूही कबूल करत. शत्रू म्हणजे साध्यासुध्या भिंती रंगवणारे बाकीचे रंगारी. त्यांना तो ‘पावडर लावणारे’ म्हणायचा. कुणाच्या स्वयंपाकघरात कढई पेटायची, कुणाच्या मीटरच्या पेटीत ठिणगी उडायची, कुणा म्हाताऱ्यानं एकाच खुर्चीत बसून जन्मभर सिगारेटी फुंकलेल्या असायच्या. अशा वेळी लोक आधी स्वतः शहाणपणा करतात. पांढऱ्या रंगाचा डबा आणतात, दोन हात मारतात, मागे सरून कौतुकानं बघतात. आठवडा सरत नाही तोच त्या पांढऱ्यातून पिवळे ओघळ पुन्हा वर येतात, आणि वास तर हललेलाच नसतो. मग धूरपुसेला बोलावणं. तो यायचा, भिंतीवर बोट फिरवायचा, बोट हुंगायचा आणि विचारायचा, “वरून रंग कुणी दिला?”

“मीच,” घरमालक म्हणायचा.

“हं,” धूरपुसे म्हणायचा. त्या एका ‘हं’मुळे कित्येक घरमालकांनी पुढे आयुष्यात ब्रशला हात लावला नाही.

त्याची पद्धत ठरलेली होती. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिंत धुवायची, आणि तीही खालून वर. वरून सुरुवात केली की ओघळ खालच्या कोरड्या काजळीवर उतरतात आणि त्यांचे पट्टे मरेपर्यंत जात नाहीत. पाणी चहासारखं लाल व्हायचं, मग फिकट, मग स्वच्छ. भिंत नीट वाळू द्यायची. मग लाखेच्या सीलरचा हात. त्या वासानं डोकं भणभणायचं, पण डाग आणि वास दोघांनाही तो आतल्या आत कोंडून टाकायचा. एवढं झाल्यावर मग रंग. “आधी भिंतीचं तोंड बंद करायचं, मग तिला नटवायची,” असं तो सांगायचा आणि समोरचा हसला नाही तर पुन्हा सांगायचा.

आता ह्या थोर कारागिरीच्या मुळाशी काय होतं, ते सांगून टाकलेलं बरं. मुळाशी होती सिगारेट. त्याची स्वतःची.

धूरपुसेची बायको एका लाँड्रीत काउंटरवर होती. आलेला कपडा हातात घेतला की ती नुसत्या वासावरून सांगायची, हा शर्ट घालून कुणी काय खाल्लं, कुठे बसलं आणि कुणाच्या शेजारी बसलं. दोन संसार तिच्या नाकामुळे मोडता मोडता वाचले होते, कारण तिनं तोंड बंद ठेवलं. असल्या नाकाच्या बाईनं लग्न ठरताना एकच अट घातली होती. “माझे बाबा सिगारेटीनं गेले. तुम्ही सिगारेट ओढलेली ज्या दिवशी मला कळेल, त्या दिवशी मी बॅग भरणार.”

तो लगेच “हो” म्हणाला. त्या वेळी त्याच्या खिशात पाकीट होतं.

आणि ही बाई बोलल्याप्रमाणे करणारी होती, हीच तर पंचाईत होती. शेजारणीनं एकदा त्यांची शिडी नेली आणि पायरी मोडून परत दिली. “ह्यापुढे मी तुमच्याशी बोलणार नाही,” बायको म्हणाली, आणि नाहीच बोलली. पुढे शेजारीण आजारी पडली तेव्हा बायकोनं तिला रोज गरम सूप नेऊन दिलं, उशा सारख्या करून दिल्या, पण सगळं मुक्यानं. अशा बाईनं बॅग भरीन म्हटलं की ती बॅग भरलेलीच समजायची. आणि धूरपुसेचं बायकोवाचून पान हलत नव्हतं. ती नसेल तर संध्याकाळी घरी जायचंच कशाला, असं त्याला मनापासून वाटायचं. सिगारेटही सुटत नव्हती. भिंत वाळेपर्यंत माणसानं करायचं काय?

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. सासरे लग्नाआधीच गेलेले, म्हणून लेकीच्या लग्नानंतर त्या तिच्याकडेच राहायला आल्या, त्या एक ट्रंक, सासऱ्यांची टोपी आणि सासऱ्यांचे कपडे घेऊनच. वडील गेल्याचा सगळा राग बायकोनं सिगारेटीवर काढला होता. तिनं त्या कपड्यांतला एकूणएक कपडा लाँड्रीत नेला आणि असा धुऊन आणला की कोटांना कुणाचाच वास उरला नाही. धुतलेला कोट सासूबाईंनी नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला, मग त्याची घडी घातली. तेव्हापासून त्या एकूणच कमी बोलायच्या. जावयाला मात्र मानानं ‘जावईबापू’ म्हणायच्या.

तर लग्नानंतरचे सुरुवातीचे महिने धूरपुसेचे फार हाल झाले. सिगारेट ओढून झाली की तो थिनरनं हात धुवायचा, पुदिन्याच्या गोळ्या चघळायचा, घरी येताना मुद्दाम खाटकाच्या दुकानासमोर थांबायचा. बायको दारातच नाक वर करायची आणि तो तडक मोरीत पळायचा. अशात त्याला एका जळक्या घराचं काम मिळालं. दिवसभर काजळी धुतली, वर दिवसभर सिगारेटीही ओढल्या, आणि संध्याकाळी आता काय होतंय ह्या भीतीनं तो दारात उभा राहिला. बायकोनं वास घेतला. तिचे डोळे भरून आले.

“किती घाण काम करता हो तुम्ही,” ती म्हणाली. “थांबा, पाणी तापवते.”

त्या गरम पाण्यात बसल्या बसल्या धूरपुसेला आयुष्याची दिशा सापडली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं धुराशिवायचं काम घेणं बंद केलं. लोकांना वाटलं, काय ध्येयवादी माणूस आहे! तो अग्निशमन दलातल्या माणसांना चहा पाजायचा, वायरमनशी दोस्ती ठेवायचा, आणि कुठे शॉर्टसर्किट झाल्याचं कळलं की चेहरा दुःखी ठेवायला त्याला फार कष्ट पडायचे. सिगारेटी तो लांबच्या दुकानातून एकदम आणून ठेवायचा, म्हणजे गल्लीत कुणी बघायला नको. त्या ठेवायची जागा म्हणजे घरातल्या अडगळीच्या खोलीत, वरच्या फळीवर, सीलरचा एक रिकामा डबा. त्या खोलीत रंगाचे डबे, थिनर, त्याचे कामाचे कपडे. धुराच्या वासाला घरात तेवढ्या एकाच खोलीत राहायची परवानगी होती.

वाईट दिवस यायचे ते लोक जपून वागायला लागले की. महिना महिना कुठे काही पेटायचं नाही. मग धूरपुसे एखाद्या स्वच्छ घरात साधा रंग मारायचा आणि रात्री जेवताना आगीची गोष्ट रचून सांगायचा. गोष्ट सांगायची त्याला मुळातच हौस. आग कुठून सुरू झाली, डाग कसा चढला, तेलाचा डाग चिकट कसा, वायरचा काळा कसा, सिगारेटचा पिवळा कसा, हे सगळं तो घास हातात धरून सांगायचा. बायको ऐकायची, मधूनच नेमका प्रश्न विचारायची, आणि वर्षानुवर्षं ऐकून ऐकून तिलाही डागांतलं बरंच कळायला लागलं होतं. हे त्याच्या लक्षात आलं नाही. बोलणाऱ्याच्या सहसा येत नाही.

एकदा त्यानं एका विधुराचं घर जाळलं. जेवताना, म्हणजे. रंगाच्या भरात त्या बिचाऱ्याचं कपड्यांचं कपाटही जळून गेलं, अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडला म्हणे. बायकोचं मन इतकं कळवळलं की दुसऱ्या दिवशी तिनं लाँड्रीत वर्षानुवर्षं कुणी न नेलेला एक उंची कोट आणून त्याच्या हातात ठेवला. “त्यांना द्या.” आता देणार कुणाला? त्यानं तो कोट रंगाच्या दुकानदाराला देऊन टाकला. दुकानदाराला तो फार शोभला. आणि महिन्याभरात बायकोनं त्याला त्या कोटात रस्त्यावर पाहिलं, थेट जवळ गेली आणि म्हणाली, “तुमचं फार वाईट झालं हो. पण धीर सोडू नका. घर पुन्हा उभं राहतं.” दुकानदार मुळात मंद. शिवाय कुणी इतक्या मायेनं बोललं की माणूस विरघळतोच. तो डोळे पुसत “प्रयत्न करतोय” म्हणाला आणि दोन दिवस स्वतःचं घर तपासत राहिला.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग एक दिवस, कुणी मागितलेलं नसताना, धूरपुसेची सिगारेट सुटली.

एका जुन्या घरातली बैठकीची खोली होती. तिथल्या माणसानं खिडकीशी बसून उभी हयात सिगारेटी ओढल्या होत्या. धूरपुसे छत धूत होता, आणि ते लालसर पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत बाहीत शिरलं आणि काखेपर्यंत गेलं. थोडं ओठांवर आलं. त्यानं थुंकलं, खाली उतरला, सवयीनं सिगारेट पेटवली आणि एक झुरका घेतला. तीच चव. ओठांवरच्या पाण्याची. त्यानं ती विझवली. दुपारी पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली. आठवडाभर तो चिडून, हट्टानं पेटवत राहिला, कारण ज्यासाठी सगळा धंदा उभा केला तीच गोष्ट अशी हातची जावी हे त्याला पटेना. शेवटी त्यानं हात टेकले. डब्यातली पाकिटं डब्यातच राहिली. फेकायला न्यायची म्हटली तरी बायकोच्या नाकासमोरूनच न्यावी लागली असती.

आणि इथून त्याचं खरं दुःख सुरू झालं. सिगारेट सोडली, हे सांगायचं कुणाला? सोडली म्हणायचं तर आधी ओढत होतो म्हणायला हवं. जगातली सगळ्यात अवघड गोष्ट त्यानं करून दाखवली होती आणि पाठीवर हात ठेवणारं कुणी नव्हतं. त्यात समोरच्या घरातल्या मास्तरांनी चहातली साखर सोडली. साखर! बायकोनं त्यांचं इतकं कौतुक केलं की बघायला नको. “मनावर ताबा लागतो त्याला,” ती जेवताना म्हणाली.

“साखरेला कसला आलाय ताबा?” धूरपुसे फुरंगटून म्हणाला.

“तुम्ही सोडून दाखवा मग काहीतरी.”

धूरपुसेनं पाण्याचा अख्खा पेला एका दमात संपवला. सासूबाईंनी ताटातून मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

असं वर्ष गेलं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बायको इस्त्रीची जुनी फळी शोधायला अडगळीच्या खोलीत शिरली आणि आतून हाक आली. “अहो, जरा इकडे या. हा डाग कसला बघा.”

धूरपुसे आला. वरच्या फळीच्या बरोबर वर, छतावर, बशीएवढा गोल पिवळा डाग होता. आता दुसऱ्या कुणाही नवऱ्यानं “ओल असेल” म्हटलं असतं आणि विषय मिटला असता. पण ह्याला डाग दाखवला होता. गिऱ्हाइकानं दाखवावा तसा, आदरानं. त्याचं भान सुटलं. तो स्टुलावर चढला, बोट फिरवलं, हुंगलं.

“तेलाचा नाही. तेल चिकटतं,” तो म्हणाला. “वायरचा नाही. तो काळा असतो, कोपऱ्यात जाळी धरतो.”

“मग?”

“सिगारेट!” धूरपुसे आनंदानं म्हणाला. “शंभर टक्के. आणि जुनी नाही हं, गेल्या वर्षभरातली. रोजची नाही, पण नेमानं. आणि गंमत बघ. माणूस ओढतो तेव्हा धूर छातीतून जोरात बाहेर येतो, पसरतो. हा पसरलेलाच नाही. सरळ वर गेलाय. म्हणजे सिगारेट नुसती एका जागी ठेवून...”

इथे त्याला कळलं की आपण काय करतोय. स्टुलावर उभं राहून, बोट वर करून, आपल्याच घरात सिगारेट पेटते हे त्यानं तज्ज्ञ ह्या नात्यानं सिद्ध केलं होतं. खाली बायको अगदी शांत उभी होती.

“घरात माणसं किती?” तिनं विचारलं.

“तीन.”

“मी ओढत नाही.”

“नाही.”

“आई ओढत नाही.”

धूरपुसेची नजर फळीवर गेली. तिथे सासऱ्यांची टोपी ठेवलेली होती, झटकून स्वच्छ केलेली. टोपीपुढे धुळीत एक गोल ठसा होता, बशी ठेवून उचलल्याचा. दारात सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळं त्याला एका क्षणात उमगलं. ओढत नव्हत्या त्या. टोपीपुढे नुसती पेटवून ठेवत होत्या आणि वास घेत बसत होत्या.

“तुझी आई” एवढे दोन शब्द म्हटले की तो सुटला असता. बायको राहिली असती, संसार राहिला असता. इतकी वर्षं खोटं बोलून त्यानं निभावलं होतं, आणि आज पहिल्यांदाच खरं बोलून सुटायची सोय झाली होती. पण सासूबाईंनी तो धुतलेला कोट नाकाशी नेला होता, ते त्यानं बघितलं होतं. त्या दिवशीही तो काही बोलला नव्हता आणि ते त्याला कायम लागून राहिलं होतं.

“मी ओढली,” धूरपुसे म्हणाला.

“इथे?”

“इथेच.”

“मग धूर पसरला का नाही?”

इतकी वर्षं जेवताना शिकवलेलं अंगाशी आलं होतं. “हळू सोडला,” तो म्हणाला.

“सरळ वर?”

“सरळ वर.”

बायकोनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती बॅग भरायला गेली.

बॅग भरतानाही ती लाँड्रीवालीच होती. प्रत्येक कपड्याची घडी, बाह्या आत, कॉलर वर. धूरपुसे दारात उभा राहून बघत होता आणि त्याला रडू येत होतं. बॅगेची चेन अडकली. तिनं दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली, मग सवयीनं म्हणाली, “अहो, ही बघा ना.” त्यानं साबणाची वडी आणली, चेनीवर घासली, खालीवर करून मोकळी करून दिली.

“मावशीकडे जातेय,” ती म्हणाली. “आईला संध्याकाळी घेऊन जाईन. फ्रिजमध्ये डाळ आहे, ती आजच संपवा.”

“बरं.”

“स्वेटर घालत जा.”

“बरं.”

तिनं बॅग उचलली, आणि तेवढ्यात सासूबाई आडव्या आल्या. “थांब गं,” त्या म्हणाल्या. “हे खोटं बोलतायत. ह्यांनी नाही ओढली. ह्यांनी तर वर्षापूर्वीच सोडली.”

बायको आईकडे वळली.

“सोडली?” बायको म्हणाली. “सोडली म्हणजे? धरली कधी होती?”

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. वाचवायला म्हणून पुढे झाल्या होत्या आणि जावयाला सगळ्या वर्षांसकट फासावर चढवून बसल्या. पण आता मागे फिरायची सोय नव्हती. त्या अडगळीच्या खोलीत गेल्या, सीलरचा डबा काढला, चमच्याच्या दांड्यानं सराईतपणे झाकण उचकटलं आणि डबा बायकोपुढे धरला.

“हा ह्यांचा. मला पहिल्यापासून माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “आधी पाकिटं यायची, जायची. वर्षापूर्वी जायची थांबली, तेव्हाच समजले मी. जावईबापूंना नकोत म्हटल्यावर मग मी घेतल्या. चोरून नाही घेतल्या. ह्यांना हव्या होत्या तोवर एकीला हात लावला नाही.”

बायको नवऱ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर एकेक आग विझत चाललेली दिसत होती.

“सगळ्या आगी?”

“निम्म्या खऱ्या,” धूरपुसे म्हणाला. “निम्म्याहून जास्तच.”

“तो कोटवाला?”

“रंगाचा दुकानदार.”

“त्याचं घर?”

“आहे की. चांगलं दोन मजली आहे.”

“मी त्या माणसासाठी रडले होते!” बायको ओरडली. “गरम पाणी काय, साबण काय, रोज तुमची पाठ चोळून देत होते मी! खोटारडे!” बॅगेत न मावलेला टॉवेल तिनं त्याच्या अंगावर फेकला. तो घडी केलेला होता, त्यामुळे लागला. “आणि आई, तू? ज्यानं बाबा गेले तेच ओढतेस? ह्या वयात?”

“ओढत नाही गं,” सासूबाई म्हणाल्या. “मला ठसका लागतो. नुसती पेटवते. तुम्ही दोघं कामाला गेलात की पेटवते आणि बशीत ठेवते, त्यांच्या टोपीपुढे. तो वास आला ना, की ते पलीकडच्या खोलीत बसलेत असं वाटतं. मग मी भाजी निवडत बसते. कपड्यांना तर काही उरलं नव्हतं.”

बायकोनं हातातली बॅग खाली ठेवली. रागावलेला माणूस रडायला लागला की त्याचा चेहरा कसा वेडावाकडा होतो, तसा तिचा झाला.

“बाबांचे कपडे मी धुवायला नको होते,” ती म्हणाली. “मला तेव्हा त्या वासाचा इतका राग आला होता, आई. मला कळलंच नाही.”

“असू दे.”

“किती राहिल्यात?”

सासूबाईंनी डब्यात बघितलं. “एक पाकीट. त्यातही थोड्याच.”

“पेटव,” बायको म्हणाली. ती अडगळीच्या खोलीत गेली, खिडकी लावून घेतली आणि जमिनीवर टोपीखाली भिंतीला टेकून बसली. सासूबाईंनी बशी आणली. काडी ओढल्याचा आवाज झाला. निळसर धूर सरळ वर गेला, छतापर्यंत, कुणाच्या छातीतून न जाता. बायकोनं ते नाक वर केलं आणि डोळे मिटून घेतले.

धूरपुसे दारातच उभा होता. वर्षभरानं तो वास कोरा करकरीत त्याच्यापर्यंत आला, आणि नको नको म्हणताना त्याची मानही आपोआप वर झाली. बायकोनं एक डोळा उघडला.

“तुम्ही सोडलीय ना?”

“हो,” धूरपुसे म्हणाला.

“खरंच? वर्षभर एकही नाही?”

“एकही नाही. तुझी शप... नाही. आता शपथ नको. पण एकही नाही.”

“अवघड गेलं?”

“फार,” तो म्हणाला.

“कौतुक आहे तुमचं,” बायको म्हणाली. “मग तुम्ही इथे नका थांबू. बाहेर जा, आणि दार लावून घ्या.”

धूरपुसे बाहेर आला आणि त्यानं दार लावून घेतलं. जगभरात लोकांना सिगारेट ओढायची म्हणून घराबाहेर काढतात. ह्याला ओढत नाही म्हणून काढलं होतं, आणि तो खोलीबाहेर एकटाच उभा राहून लग्नात हसला नसेल इतका हसत होता. आत मायलेकी काहीतरी बोलत होत्या. सासूबाईंचा आवाज इतका वेळ सलग चाललेला त्यानं कधी ऐकला नव्हता. मध्येच दोघीही हसल्या.

मग आतून हाक आली. “अहो, बॅगेतले कपडे काढून ठेवा. चुरगळतील.”

“सगळे?”

“सगळे. आणि घड्या मोडू नका. तुमच्याशी मी नंतर बोलणार आहे, सुटलात असं समजू नका.”

“नाही समजत,” धूरपुसे म्हणाला. तो बॅगेपाशी खाली बसला, चेन उघडली, आणि दोन्ही हातांनी एकेक कपडा अलगद बाहेर काढू लागला.